पोरगा गिटार मागतो आहे

लोणावळ्याहून एका ताईंचे पत्र आले आहे. पत्ता लिहिलेला नाही, म्हणून उत्तर येथेच देतो. ताई चिक्कीच्या कारखान्यात पाकिटे भरण्याचे काम करतात. मुलगा यंदा दहावी पास झाला. शनिवार-रविवार तो एका बंगल्यावर पाहुण्यांच्या चहापाण्याचे पाहतो. पावसाळ्यात तिथे उतरलेल्या कॉलेजच्या मुलांपैकी एकाने रात्री आपली गिटार त्याच्या हातात दिली. तेव्हापासून पोराने घरात एकच धोशा लावला आहे. यजमान म्हणतात, ही श्रीमंतांची थेरं. सासूबाई म्हणतात, आपल्या घरातलं वाजवणं बंद झालंय ते बंदच राहू द्या. आणि ताई आम्हांला विचारतात, "भाऊ, यात पैसा वाया जाईल का? आणि आमच्या वस्तीत त्याला शिकवणार कोण?"

ताई, आधी आमची चूक सांगतो. आमचा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होता, त्या वेळची, दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानेही असाच हट्ट धरला होता. आम्ही पडलो कारकून. पगारात बसवायचे म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून सर्वांत स्वस्त दिसली ती गिटार उचलली. वाद्य कसे पारखतात हे ठाऊक नव्हते. तारा लाकडापासून इतक्या उंच की पोराने आठवडाभर दाबून दाबून बोटांची साले काढली, पण सूर काही निघाला नाही. वर आम्ही त्यालाच बोललो, "तुझ्यात चिकाटी नाही." दोन महिने गिटार कपाटावर पडून होती. मग एका जाणत्याने ती पाहिली आणि म्हणाला, "पोराचा दोष नाही, वाद्याचीच मान वाकलेली आहे." पैसा पोराच्या आळसाने गेला नव्हता, आमच्या अज्ञानाने गेला होता. बी.कॉम.ची पदवी असे हिशेब शिकवत नाही. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंचे. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. आमच्याही घरात हेच झाले. आमचे दादा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर डफ घेऊन गावच्या जत्रेत, लग्नात उभे राहिलेले. वाजवायचे आपण, ओसरीवर चढायचे दुसऱ्यांनी, आणि शेवटी ओंजळीत वरून टाकलेली भाकरी. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला सांगितले की, अपमानाची गावकीची कामे सोडा. १९५६ साली धर्मांतर झाले आणि आमच्या घराने डफ सोडला तो कायमचा. त्यामुळे भाच्याने गिटार आणली तेव्हा दादा ताडकन म्हणाले, "वाजवायचं सोडलं म्हणून तर आपली मान वर झाली. आता पुन्हा पोराच्या हातात वाजवायचं देता व्हय?"

यावर आम्ही त्यांना एकच गोष्ट सांगितली. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसचे संग्रहालय आहे. तिथे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांत एक व्हायोलिनही आहे. घटना लिहिणारा, डोळे अधू झालेला, प्रकृतीने गांजलेला माणूस उतारवयात शिक्षक लावून व्हायोलिन शिकत होता. ते त्यांना कोणी गावकीचे काम म्हणून लावून दिले नव्हते. दादा त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांना घेऊन मळवलीला उतरलो आणि भाजे लेण्यावर गेलो. टोकाच्या विहाराच्या व्हरांड्यात हत्तीवर बसलेल्या पुरुषाचे शिल्प आहे. त्याच्या खालच्या अंगाला नाच चालला आहे आणि कोणी धनुष्यासारखे वाकलेले तंतुवाद्य छेडते आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड तो! आपल्याच मावळातला. दादा बराच वेळ तिथे बसले होते.

आता यजमानांचे. गिटार श्रीमंतांचीच, असे त्यांना वाटते, कारण ती त्यांनी बंगल्यावरच्या पाहुण्यांच्या हातात पाहिली. जिथे ती पिकने वाजवण्याची कला वाढली ती माणसे कोण होती, हे त्यांना वाचून दाखवा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डोंगराळ मुलखात १९२३ साली डॉक वॉटसन जन्मले. वर्षाचे होण्याआधीच डोळ्यांच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली. थोडे मोठे झाल्यावर त्यांनी आणि भावाने शेताच्या कडेची वाळलेली चेस्टनटची झाडे तोडून कातडी कमावण्याच्या कारखान्याला विकली, आणि त्या पैशांतून टपालाने माल धाडणाऱ्या एका मोठ्या दुकानाची गिटार मागवली. पुढे पोटासाठी ते पियानोचे सूर लावून देण्याचे काम करीत. १९५३ च्या सुमारास ते टेनेसी राज्यात नाचाच्या एका बँडमध्ये गिटार वाजवू लागले. त्या बँडला व्हायोलिन वाजवणारा मिळेना. नाचणाऱ्यांना तर व्हायोलिनच्या चाली हव्या. मग वॉटसन यांनी त्या वेगवान चाली एकेक सूर करीत गिटारवरच पिकने काढायला सुरुवात केली. तोवर गिटार बहुतेक साथीला मागे बसे. साथीदार मिळाला नाही म्हणून ती पुढे आली! बाहेरच्या जगाला त्यांचे नाव कळले तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. २०१२ साली ते वारले, तोवर त्या पद्धतीचे थोर उस्ताद म्हणून जग त्यांना मानत होते.

त्याच मुलखात लेस्ली रिडल नावाचे कृष्णवर्णीय गिटारवादक होते. सिमेंटच्या कारखान्यात अपघात होऊन त्यांचा एक पाय गेला. उजव्या हाताची दोन बोटेही दुसऱ्या अपघातात गेली होती. तरी ते असे वाजवीत की कार्टर कुटुंबातले गोरे गायक त्यांच्याकडून शिकले. ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला निघत तेव्हा चाल ध्यानात ठेवण्याचे काम रिडल यांचे. कार्टर घराण्याचे नाव जगभर झाले, रिडल यांचे कित्येक वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. हे आपल्याला नवे नाही. किती शाहिरांच्या चाली दुसऱ्यांच्या नावावर गाजल्या, हे जुन्या गायन पार्ट्यांतली माणसे सांगतील.

तर आता मुख्य कामाकडे वळू. गिटार दोन-तीन तऱ्हांनी वाजवतात. बोटांनी छेडतात, सगळ्या तारांवरून हात फिरवून नुसती साथ करतात, किंवा पिक धरून एकेक सुराने गाण्याची चालच काढतात. ताईंच्या मुलाने हा तिसरा मार्ग धरावा असे आमचे मत आहे. एक तर ढोलकी आणि पेटीच्या आवाजात बोटांचा नाजूक आवाज बुडून जातो, पिकचा उठतो. दुसरे असे की, आपल्या भीमगीतांच्या चाली एका षड्जावर तोललेल्या असतात. शाळेच्या गॅदरिंगला शिकवतात त्या तीन-चार कॉर्डमध्ये त्या बसतीलच असे नाही. बसवायला गेले की चाल मोडते. पिकने मात्र गळ्यातली चाल जशीच्या तशी वाजवता येते.

पिक म्हणजे प्लॅस्टिकची त्रिकोणी चकती. सतारीला नखी, सरोदला नारळाच्या करवंटीचा जवा, तशीच ही. दुकानात दहा-वीस रुपयांना मिळते, पण तीही घेऊ नका. घरात मुदत संपलेले एटीएम कार्ड असेल. ते बरोबर ०.७६ मिलिमीटर जाडीचे असते आणि नवशिक्याला तेवढीच जाडी लागते. त्याचा सुपारीच्या पानाएवढा नव्हे, अंगठ्याच्या पेराएवढा त्रिकोण कापावा, टोक गोलसर ठेवावे आणि कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. हात बसला की मग एक मिलिमीटरचे किंवा त्याहून जाड पिक घ्यावे. वेगाने वाजवणारे तसेच वापरतात, कारण पातळ पिक तारेवर वाकते आणि सूर उशिरा येतो.

धरण्याची रीत अशी. तर्जनी थोडी वाकवावी, तिच्या कडेवर पिक ठेवावे आणि वरून अंगठा सपाट टेकवावा. टोक अगदी थोडे बाहेर. घट्ट आवळू नये. हातातून पडणार नाही इतपतच पकड पुरे. सुरुवातीला दहादा पडेल, पडू द्यावे. हलवायचे ते मनगट, कोपर नव्हे.

आणि शिकवणार कोण, हा ताईंचा प्रश्न? ताई, तुमच्या वस्तीत किंवा शेजारच्या गावात भीमजयंतीला बेंजो वाजवणारे कोणी काका असतीलच. तेच पहिले गुरू. हा आपला बेंजो मुळात जपानी भावंड आहे. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या बटणांचे ताइशोगोतो हे वाद्य बनवले, ते इकडे येऊन बुलबुल तरंग आणि बेंजो झाले. (अमेरिकेतला बँजो वेगळा. तो गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन माणसांनी तिकडे घडवला.) बेंजोवाल्यांना कॉर्ड येत नसतील, इंग्रजी सुरांची नावे येत नसतील. पण त्यांच्या उजव्या हातात पिक असते, आणि तो हात तासन्‌तास मिरवणुकीत ढोल-ताशाबरोबर मात्रा न चुकवता चाललेला असतो. गिटारचे क्लासवाले बहुधा डाव्या हातापासून सुरुवात करतात. आमच्या मते सुरुवात उजव्या हातापासून व्हावी. डावा हात मोबाइलवर पाहूनही शिकता येतो. उजव्या हाताची लय माणसाशेजारी बसूनच येते.

लयीचे सूत्र सोपे आहे. कहरव्याच्या आठ मात्रा धरा. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी आली की पिक खाली. दुसरी, चौथी, सहावी, आठवी आली की वर. एखाद्या मात्रेला सूर नसला तरी हात थांबवायचा नाही, तारेला न लागता तसाच वर किंवा खाली जाऊ द्यायचा. सगळी विद्या यात आहे. पहिला पंधरवडा डाव्या हाताला काहीच काम देऊ नये. एकच मोकळी तार घ्यावी आणि खाली-वर, खाली-वर, तोंडाने मात्रा मोजत वाजवावे. घरात दुसरे झोपले असतील तर तारांखाली, घोडीजवळ, रुमालाची घडी सारावी. आवाज बसतो, लय ऐकू येते.

आमच्या घरी हे चालू असतानाचा प्रसंग. भाचा खोलीत बसून हात घोटत होता. दादा पडवीत बाजेवर पडलेले. तीन-चार दिवस त्यांनी काही म्हटले नाही. मग एका संध्याकाळी तिकडूनच ओरडले, "वरचा हात उशिरा येतोय तुझा. पुन्यांदा घे." पोराने पुन्हा घेतले. दादांनी बाजेच्या फळीवर बोटांनी ठेका धरला आणि तो नीट येईपर्यंत सोडला नाही. साठ वर्षांत त्यांच्या हातून आम्ही ठेका ऐकला नव्हता, म्हणजे आम्ही जन्मल्यापासून कधीच नव्हता. आमच्या आई चुलीपुढून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

पंधरवड्यानंतर डावा हात. गिटारला सहा तारा. जाडीकडून बारकीकडे त्यांचे सूर ई, ए, डी, जी, बी, ई. सर्वांत बारकी ती पहिली तार, जाड ती सहावी. मोबाइलवर सूर लावून देणारे फुकट अॅप मिळते, पण कान तयार व्हावा म्हणून पेटीवरही लावून पाहावे. तिसरी मोकळी तार जी, म्हणजे पेटीची पांढरी पाच. तिला षड्ज माना. मग सरगम अशी बसते: तिसरी तार मोकळी सा, तिच्यावर दुसऱ्या फ्रेटला रे. दुसरी तार मोकळी ग, पहिल्या फ्रेटला म, तिसऱ्या फ्रेटला प. पहिली तार मोकळी ध, दुसऱ्या फ्रेटला नी, तिसऱ्या फ्रेटला वरचा सा. हात जागचा हलवावा लागत नाही. कोमल सूर हवा असेल तर त्याच सुराच्या एक फ्रेट मागे यावे. मोकळ्या तारेच्या मागे फ्रेट नसतो, म्हणून कोमल ग तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला मिळेल आणि कोमल ध दुसऱ्या तारेच्या चौथ्याला. आणखी एक गंमत पाहा. चौथी मोकळी तार हा खालचा पंचम येतो. म्हणजे तिसरी आणि चौथी तार मिळून सा-प झाले, तंबोऱ्याची साथ बसल्या जागी हाताशी. चालीच्या दोन सुरांत मोकळी जागा आली की या तारांवर एक हलका हात टाकावा. एकट्याने वाजवले तरी ओके-बोके वाटत नाही.

पहिले गाणे लहानपणापासून विहारात ऐकलेले, झोपेतही म्हणता येईल असे निवडावे. आधी म्हणावे, मग एकेक सूर शोधावा. कागदावर सा रे ग म लिहून घ्यावे. गाणारा काळी चारमध्ये गात असेल तर पहिल्या फ्रेटला कापो नावाचा चिमटा लावावा, काळी पाच असेल तर तिसऱ्या फ्रेटला. बोटे तीच, पट्टी बदलली.

बोटे दुखतील. तीन-चार आठवड्यांत टोकाशी कातडी जाड होते, मग त्रास राहत नाही. पण म्हणून दोन-दोन तास बसू नये. सोण स्थविरांची कथा उपासक-उपासिकांना ठाऊक आहेच. ते चालत चालत साधना करीत, इतकी की तळपायांतून रक्त आले. गृहस्थ असताना ते वीणा उत्तम वाजवीत. भगवंतांनी त्यांना विचारले की, तार फार ताणली तर वीणा बोलते का, आणि ढिली सोडली तर? आपण ही कथा प्रवचनात ऐकतो, पण सोण हे मुळात वाजवणारे होते, हे विसरतो. रोज वीस मिनिटे पुरेत, पण रोज. अकरावीचा अभ्यास आहे, बंगल्यावरचे काम आहे, एवढाच वेळ पोराजवळ असणार.

आता खरेदी, म्हणजे आमचा विषय. तीन ते पाच हजारांत शिकण्यापुरती बरी गिटार मिळते. लोखंडी तारांची मागावी. नायलॉनच्या तारांची बोटांनी वाजवायची असते, पिकला तिचा उपयोग नाही. तारांचा संच सर्वांत हलका, दहा नंबरचा, चढवून घ्यावा. दुकानात जाताना बँकेची पाच जुनी कार्डे बरोबर न्यावीत. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली ती एकावर एक सारून पाहावीत. तीन कार्डे तारेला न उचलता जेमतेम गेली तर वाद्य ठीक. पाचही आरामात गेली तर हात जोडून बाहेर पडावे, दुकानदार कितीही गोड बोलो. मग मान डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून सरळ आहे का पाहावे. शेवटी प्रत्येक तार मोकळी वाजवावी आणि बाराव्या फ्रेटला दाबून वाजवावी. तोच सूर वरच्या सप्तकात आला पाहिजे. आम्ही हे केले असते तर आमचे पैसे वाचले असते.

लोणावळ्याचे म्हणून एक वेगळे सांगावे लागते. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, कपड्यांना बुरशी, मग गिटारच्या पोकळ लाकडाचे काय होईल? महागातली अखंड लाकडाची गिटार त्या हवेत लवकर फुगते, म्हणून पहिले वाद्य प्लायवूडचेच बरे. दुकानदार ते कमी प्रतीचे म्हणेल. असो. बाहेरच्या भिंतीवर खिळा ठोकून ते टांगू नये. पिशवीत घालून, औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून, कॉटवर आतल्या अंगाला ठेवावे. वाजवून झाले की प्रत्येक तार कोरड्या फडक्याने पुसावी, नाहीतर महिन्याभरात गंज धरतो आणि पुन्हा बोटे सोलतात.

ताई, म्हणून सध्या पैसे काढू नका. पाऊस ओसरला आहे, दिवाळीचा बोनस हातात येईल, हवा कोरडी होईल. तोवर पोराला कार्ड कापू द्या आणि बेंजोवाल्या काकांकडे संध्याकाळी जाऊ द्या. महिनाभर तो न चुकता गेला तर यजमानांना दुकानात बरोबर न्या, कार्डे त्यांच्याच खिशात द्या. सासूबाईंना आमचा जयभीम सांगा. आणि २५ डिसेंबरला देहूरोडला येणार असाल तर, १९५४ साली बाबासाहेबांनी जिथे बुद्धमूर्ती बसवली त्या विहाराच्या आवारात आमचा भाचा एका गायन पार्टीबरोबर असतो. पोराला पुढच्या रांगेत उजव्या बाजूला बसवा, तिथून त्याचा मनगटाचा हात नीट दिसतो.